चेकसम आहे ना, मग टेस्ट कशाला?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय की फाइल सिस्टिमच्या कम्प्रेशनसाठी (डिस्कवर लिहिताना डेटा आपोआप दाबून छोटा करायची सोय) वेगळ्या रिग्रेशन टेस्ट (जुना बग परत आला तर पकडणाऱ्या) लिहिणं म्हणजे नुसता टाइमपास. का, तर कम्प्रेशनच्या लायब्ररी आधीच तपासलेल्या असतात, वर चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायला काढलेला छोटा आकडा) आहेच, फारच शंका आली तर एक मोठी फाइल कॉपी करून एमडी५ (अख्ख्या फाइलचा असाच एक आकडा) ताडून बघा, आणि एकदा फिक्स झालेला बग काही परत येत नाही. वाचताना पटतं हो, तिथेच तर घोळ आहे.

लायब्ररीचं म्हणणं मान्य. झेडस्टँडर्ड किंवा एलझेडओ सहसा चुकत नाहीत, चुकतं ते आजूबाजूचं कोड, म्हणजे एक्स्टेंट (डिस्कवरचा डेटाचा सलग तुकडा) कुठे सुरू होतो, ऑफसेट (त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) किती, उलगडलेला डेटा मेमरीतल्या कुठल्या पेजमध्ये ओतायचा, हे सगळं. ते लायब्ररीच्या टेस्टमध्ये कधी येतच नाही.

आता चेकसम. बीटीआरएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) चेकसम काढतं ते डिस्कवरच्या कम्प्रेस केलेल्या बाइट्सचं, उलगडल्यानंतरच्या डेटाचं नाही. २०१५ मध्ये एक बग सापडला होता, एकाच फाइलमधले लागोपाठचे दोन भाग एकाच कम्प्रेस्ड एक्स्टेंटकडे बोट दाखवत असतील (क्लोन केलं, म्हणजे डेटा परत न लिहिता त्याच जागेकडे बोट दाखवलं, की असं होतं) तर कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही भागांचं वाचन एकाच रिक्वेस्टमध्ये घुसडायचा, एक्स्टेंट एकदाच उलगडायचा, पहिला भाग नीट भरायचा आणि पुढे सरळ शून्यं. डिस्कवरचा डेटा शाबूत, चेकसम जुळतोय, लॉगमध्ये एक ओळ नाही, आणि प्रोग्रॅमच्या हातात चुकीचा डेटा! स्क्रब (डिस्कवरचा सगळा डेटा वाचून चेकसम ताडणारी तपासणी) कितीही वेळा चालवा, त्याला यातलं काही दिसणार नाही कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

आणि "फिक्स झालेला बग परत येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट: याच बगला २०१५ मध्येच एक पॅच आला, मग तो पुरेना म्हणून दुसरा, आणि तरी २०१९ मध्ये तिसरा लागला, कारण एक्स्टेंटच्या सुरुवातीपासून नाही तर मधल्या ऑफसेटपासून वाचायची केस निसटली होती. फाइलमध्ये मध्येच होल पंच केलं (मधला भाग काढून तिथे रिकामी जागा ठेवली) की हीच परिस्थिती तयार होते. चार वर्षं!

फाइल कॉपी करून एमडी५ बघायचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त खुपतो. कॉपी केल्या केल्या वाचलंत तर उत्तर पेज कॅशमधून (मेमरीत ठेवलेल्या प्रतीतून) येतं, डीकम्प्रेशनचं कोड चालतही नाही, त्यामुळे आधी अनमाउंट करून परत माउंट करा नाहीतर कॅश तरी रिकामी करा. शिवाय फाइलमध्ये भरलंय काय? युरँडममधला (लिनक्सचा रँडम डेटा देणारा सोर्स) डेटा कम्प्रेस होतच नाही, बीटीआरएफएस तो तसाच लिहून मोकळं होतं. नुसती शून्यं घ्याल तर झेडएफएस (दुसरी एक फाइल सिस्टिम) कम्प्रेशन चालू असताना तसे ब्लॉक लिहीतच नाही, होल म्हणून सोडून देतं (शून्यं लिहून झेडएफएसचा भन्नाट स्पीड दाखवणारे आकडे बघितले असतील तर ते इथून येतात). सगळीकडे एकच अक्षर भरलं तर कम्प्रेस छान होतं, पण दोन पेजांची अदलाबदल झाली तरी एमडी५ तोच. मी प्रत्येक ४ केबीच्या तुकड्यात त्याचा स्वतःचा नंबर परत परत लिहितो, म्हणजे कम्प्रेसही होतं आणि कुठला तुकडा कुठे गेला तेही कळतं.

टेस्ट लिहायची जागा म्हणजे एक्सएफएसटेस्ट्स, फाइल सिस्टिम तपासायच्या टेस्टचं पॅकेज; ते मुळात एक्सएफएस या फाइल सिस्टिमसाठी बनलं, आता एक्सट४, बीटीआरएफएस, एफ२एफएस सगळे तेच वापरतात, आणि फिक्सबरोबर छोटी स्क्रिप्ट आणि तिचं अपेक्षित आउटपुट टाकायची पद्धत तिथे रुळलेली आहे. जेनेरिक (कुठल्याही फाइल सिस्टिमवर चालणाऱ्या) टेस्टचा अख्खा सेट कम्प्रेशनचा माउंट ऑप्शन लावून परत एकदा चालवता येतो, हे फुकटात मिळतं.

नवीन टेस्ट लिहिली की आधी फिक्स नसलेल्या कर्नलवर चालवा, तिथे ती फेल व्हायला हवी. माझी पहिली टेस्ट दोन्हीकडे पास होत होती आणि मी खूश होतो, कॅश रिकामी करायची ओळच टाकायची राहिली होती.