पत्ता विचारू नका, नेम बघा

परदेशात राहणाऱ्याने गोव्याबद्दल तोंड उघडलं की दुसऱ्या मिनिटाला उत्तर येतं: तिथे बसून आम्हाला शिकवू नका. हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय, आणि गोव्यात होते तेव्हा दुसऱ्यांना ऐकवलंही आहे. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा चवथीला कुवेत-मस्कतहून पाहुणे यायचे. पाच दिवसांत आमचे रस्ते, आमची पंचायत, आमच्या पोरांचं मराठी या सगळ्यावर प्रवचन झोडायचे आणि विसर्जन झालं की दाबोळीचा विमानतळ गाठायचे. त्यांची पाठ वळली की आमच्या ओसरीवर त्यांची नक्कल सुरू. आता मी इंग्लंडमधल्या स्विंडनला असते, एका वृद्धाश्रमात काम करते, तेव्हा कुठल्यातरी ओसरीवर माझीही नक्कल होत असणार. होऊ दे.

पण ‘तिथे बसून’ या उत्तराने काही मिटत नाही. माणूस कुठे बसलाय यावरून तो खरं बोलतोय की खोटं, हे कसं ठरणार? आणि आमची परदेशस्थांची जी ठरलेली फुशारकी, की लांबून सगळं स्वच्छ दिसतं, तीही निव्वळ थाप आहे. लांबून जास्त काही दिसत नाही. लांबून भीती कमी वाटते, एवढंच. ग्रामसभेत उठून बोललं की दुसऱ्या दिवशी घराच्या दुरुस्तीचा परवाना अडतो. स्विंडनहून लिहिलं तर काय अडणार?

मग परदेशातून केलेली टीका जोखायची कशी? मला यासाठी फ्रान्सिस न्यूटन सूझा आठवतात.

सूझा गोव्यातल्या साळगावचे. जन्म 1924 चा. वडील त्यांच्या तान्हेपणीच गेले. लहानपणी देवी आल्या, पोर वाचलं तर सां फ्रांसिस शाव्हियेरचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, नाव ठेवीन असा आईने नवस केला, म्हणून ‘फ्रान्सिस’. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवायची. जगाला ते चित्रकार म्हणून माहीत आहेत, पण लेखणीही तितकीच तिखट होती. ‘निर्व्हाना ऑफ अ मॅगट’ हे त्यांचं आत्मकथन लंडनच्या ‘एन्काउंटर’ मासिकात 1955 साली आलं आणि तिथल्या वाचकांना हा माणूस ठाऊक झाला. 1959 मध्ये ‘वर्ड्स अँड लाइन्स’ हे पुस्तक निघालं. स्वतःच्या देवीच्या व्रणांपासून चर्चच्या थाटामाटापर्यंत कशालाच त्यांनी सोडलं नाही, आणि हे सगळं उघड स्वतःच्या नावानिशी.

लंडनला जाऊन शूर झाला, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू धजणार नाही. मुंबईत शाळेतून काढलं ते संडासाच्या भिंतीवरच्या अश्लील चित्रांपायी. सूझा म्हणायचे, ती मी काढली नव्हती, वाईट काढली होती म्हणून सुधारत होतो. पुढे 1945 मध्ये चले जाव चळवळीच्या पाठिंब्यावरून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर. 1947 मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यानंतर एका प्रदर्शनातल्या स्वतःच्याच नग्न चित्रावरून अश्लीलतेची तक्रार आणि पोलिसांचा ससेमिरा. 1949 मध्ये बोटीत पाय ठेवला तेव्हा घरच्या मैदानावरचा हिशेब चुकता झालेला होता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लंडनला पोचल्यावर त्यांनी लंडनची आरती ओवाळली नाही. ‘सिक्स जंटलमेन ऑफ अवर टाइम्स’ ही 1955 ची रेखाचित्रं बघा. कोट, टाय, कडक कॉलर आणि डोळे अक्षरशः कपाळात चढलेले. आपल्याकडे माजलेल्या माणसाचे डोळे कपाळात गेले म्हणतात ना, तसे, फक्त इथे चित्रकाराने ते खरोखरच तिथे नेऊन बसवलेत. एका रात्रपाळीला मी फोनवर ही चित्रं बघत होते. आमच्याकडचे एक आजोबा झोप लागत नाही म्हणून खुर्चीत बसले होते. जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेलेला. 1986 मध्ये स्विंडनचा तो कारखाना बंद पडला तोवर तिथेच. त्यांनी चष्मा वर करून एका जंटलमनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा तर आमचा फोरमन!” मग दुसऱ्यावर बोट नेलं, थोडं थांबले आणि कारखाना बंद झाल्याचं पत्र आणून देणाऱ्या साहेबाचं नाव घेतलं. चहा गार झाला तरी ते तिसरा कोण याचाच विचार करत होते. साळगावच्या माणसाने काढलेली थट्टा स्विंडनच्या कामगाराला विनाभाषांतर पोचली, कारण ती फक्त साळगावची नव्हती.

आमच्यातल्या बहुतेकांचं इथेच घोडं अडतं. आम्ही टीका एका दिशेने करतो. गोव्यातला पंच भ्रष्ट, आमदार विकाऊ, लोक आळशी. आणि इथे? इथला ठेकेदार कमी पगार लावतो, एका बिछान्याचं भाडं दोघांकडून घेतलं जातं, त्यावर मात्र चकार शब्द नाही.

गोव्यात राहूनही टोप्या उडवता येतात, असं मला कुणी सुनावेल. येतात ना. मडगावच्या फ्रांसिस्कु झुआंव द कॉश्त यांनी 1896 मध्ये ‘जाकोब इ दुल्से’ हे पोर्तुगीज पुस्तक काढलं. एक लग्न जुळवताना भाटकार म्हणजे जमीनदार घराण्यांतली हुंड्याची घासाघीस, साहेबी थाटाची नक्कल, दिवाणखान्यातला बडेजाव, सगळं त्यात आहे. उगाच नाही ते आजही वाचलं जात. पण पुस्तकावर नाव कुठलं? ‘जिप’. रोज त्याच चौकात, त्याच चर्चमध्ये, त्याच माणसांसमोर उभं राहायचं असेल तर टोपणनाव लागतं, यात लाज कसली.

आणि स्वतःच्या नावाने लिहिलं तर काय होतं हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. विष्णू सूर्या वाघ. मराठी नाटक-कवितेत वाढलेला, मराठीचा झेंडा मिरवणारा, आमदार झालेला माणूस. ‘सुदिरसूक्त’ हे कवितांचं पुस्तक मात्र त्याने कोकणीत लिहिलं, बहुजनाच्या बाजूने, उच्चवर्णीयांच्या वर्चस्वावर सरळ घाव घालणारं. 2013 मध्ये संग्रह आला तेव्हा फारसं कुणाला काही वाटलं नाही. 2017 मध्ये कोकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी त्याची निवड झाल्याची बातमी फुटली आणि आग लागली. त्या खेपेचे पुरस्कारच रद्द झाले, अश्लीलतेची तक्रार झाली, कवीवर आणि प्रकाशिकेवर गुन्हा नोंद झाला. वाघ त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते, उत्तर द्यायच्या स्थितीतही नव्हते. 2019 मध्ये ते गेले. मला त्यातल्या सगळ्याच कविता आवडतात असं नाही. काही ठिकाणी राग कवितेच्या पुढे धावतो, बाईच्या शरीरावरून दुसऱ्या जातीचा सूड उगवायची मला तर चीड येते. पण कविता चांगली की वाईट हे ठरवणं वाचकाचं काम, पोलीस ठाण्याचं नव्हे.

म्हणून ‘इथे राहून बोल’ असं कुणी म्हटलं की मला त्याला विचारावंसं वाटतं: इथे राहून बोललेल्याचं तुम्ही काय केलंत? घरी बोलणाऱ्याला ठाण्यात ओढायचं आणि बाहेर बोलणाऱ्याला पत्ता विचारायचा, मग बोलायचं कुणी?

गोव्याच्या थट्टेला तसा बाहेरगावचा वारा जुनाच आहे. तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोकणी नाटकाचा, पहिला खेळ 17 एप्रिल 1892 चा, आणि तो झाला मुंबईत. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी तो उभा केला. मग तो गोव्यात आला, आणि त्यातल्या कांतारांनी, म्हणजे गाण्यांनी, आजवर एकही मुख्यमंत्री सुका सोडला नाही. आमच्या हिंदू घरांत तियात्राला जायची फारशी पद्धत नव्हती, आम्ही आपले जत्रेतल्या नाटकाचे आणि दशावतारातल्या संकासुराचे. पण काम तेच.

आता आमच्या बाजूकडे वळते, कारण खरा मसाला इथे आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग बाबांचा, मग आपला. ब्रेक्झिटआधी, म्हणजे 2020 संपायच्या आत, त्या पासपोर्टवर जे इंग्लंडला पोचले त्यांना राहायचा हक्क मिळाला. आमच्या घरी माझ्या नवऱ्याच्या आजोबांमुळे जमलं. या बदल्यात भारताचं नागरिकत्व जातं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, काढायचं. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारशाने आलेली विकता मात्र येते. आणि विकली जाते! ज्यांनी वडिलोपार्जित घर, कुळागर (पोफळीची बाग) दिल्लीच्या माणसाला दिलं, त्याच पैशांतून इथल्या घराची पहिली रक्कम भरली, तेच रात्री ‘गोंय सोंपलें’, गोवा संपला, म्हणून डोळ्यांत पाणी आणतात. गोवा भायल्यांनी, बाहेरच्यांनी, घेतला म्हणे. अहो, त्यांना दिला कुणी?

शाळांचंही तसंच. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचं अनुदान भारतीय भाषांच्या शाळांपुरतं ठेवलं गेलं. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजी शाळांना खुलं केलं आणि पुढच्या सरकारांनीही ते बंद केलं नाही. माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकांमागे हे होतं, आणि आई-बापांची इंग्रजीची हौसही होती. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वाट्याला ‘सरकारी कामात वापरता येईल’ एवढी सवलत आली. मराठीला बरोबरीचा दर्जा हवा ही मागणी आता पुन्हा जोरात आहे आणि मला ती रास्त वाटते. घरात कोकणी बोलणाऱ्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत वर्तमानपत्र, आरती, भजन, पत्र सगळं मराठीत चालत आलंय. त्याला कागदावर जागा मिळायला काय हरकत आहे?

तरीही मागच्या वर्षी इथल्या काही मंडळींनी ‘परदेशस्थ गोमंतकीयांचं निवेदन’ सह्यांसाठी फिरवलं तेव्हा मी सही केली नाही. त्यात राजभाषेबरोबर आणखी एक मागणी होती: गोव्यातल्या प्रत्येक मुलाचं प्राथमिक शिक्षण सक्तीने मराठी किंवा कोकणीतून व्हावं. खाली सह्या करणाऱ्या सगळ्यांची पोरं स्विंडनच्या इंग्रजी शाळेत. माझा मुलगाही तिथेच. गावी जायला मिळत नाही, म्हणून गावच्या पोरांनी आमच्या वाटणीची मराठी शिकावी, असा हा मामला. राजभाषेचं वेगळं निवेदन काढा, सही करते म्हटलं, तर पुढे काही झालं नाही.

सूझांसारखा कुणी स्विंडनला यायला हवा होता. त्याला जंटलमेन शोधत फिरावं लागलं नसतं. सां जुझेच्या फेस्ताला (संताच्या सणाला) आणि गणपतीला एकाच हॉलवर हक्क सांगून भांडणाऱ्या दोन समित्या, आल्याआल्या नव्या पोरांना ‘तुम्ही लोक’ म्हणणारे जुने गोंयकार, गोव्यात घरकामाच्या बाईची वाट बघणाऱ्या आणि इथे दुसऱ्यांचे बिछाने बदलणाऱ्या आम्ही शिकलेल्या बायका, आणि एका घरात सहा भाडेकरू कोंबून रविवारी गोव्याच्या अस्मितेवर भाषण ठोकणारे आमचे पुढारी. जिपने मडगावचा दिवाणखाना उघडा केला तसा आमचा हा दिवाणखाना कुणीतरी उघडा करावा. मी दोन प्रकरणं लिहून ठेवली आहेत, मराठीत. नाव खरं घालायचं की टोपणनाव, ते अजून ठरत नाही. आमचा घरमालकही गोंयकारच आहे आणि भाडेकरार मार्चमध्ये संपतोय.