खरी मेख भिंतीत आहे

पीसीआर म्हणजे मिश्रण आळीपाळीने तापवून नि थंड करून डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत. बारीक वाटा कोरलेल्या छोट्या चिपवर पीसीआर झटपट होतो तो नमुना थोडा लागतो म्हणून, असं त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. माझ्या मते उष्णतेचा मुद्दा त्याहून मोठा आहे. नेहमीच्या यंत्रात धातूचा अख्खा ठोकळा पुन्हापुन्हा तापवायचा नि थंड करायचा, त्यातच वेळ जातो. १९९८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात कॉप, डी मेलो आणि मान्झ यांनी ठोकळे ९५, ७७ आणि ६० अंशांवर स्थिरच ठेवले आणि काचेतल्या नागमोडी वाटेने द्रव त्यांवरून २० वेळा फिरवला. किती सुंदर कल्पना! पण इतक्या अरुंद वाटेत डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइमच काचेला चिकटून बसतं. म्हणून भिंतींना लेप द्यावा लागतो, किंवा त्या एन्झाइमऐवजी स्वतः भिंतीला चिकटेल असं, बीएसएसारखं (गाईच्या रक्तातलं) प्रथिन मिश्रणात घालावं लागतं. यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.