लातूरच्या अंगणात मोगरा कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि रागानं लिहिलंत. तो राग मला समजतो, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : “ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं मोगऱ्याला पाणी घालणं ही चैन आहे. घालायचंच तर वांगी-टोमॅटोला घाला. आणि ‘एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं घ्या’ हे तर साफ खोटं. माझे तीन मोगरे रोज पाणी घालूनही पिवळे पडून गेले.”

शेवटचं आधी घेते, कारण तिथं चूक माझी आहे. ‘एकदा लावा’ हे वाक्य मी हौसेच्या भरात लिहून गेले. आपल्या उन्हात कुठलंही झाड पहिले दोन उन्हाळे जपावंच लागतं. मुळं खाली उतरली की मगच ते स्वतःचं स्वतः बघतं. लेखातलं ते वाक्य मी आज बदललं.

पण तुमच्या मोगऱ्यांचं मनातून जाईना. ‘रोज पाणी घालूनही’ असं तुम्ही म्हणता, आणि मला शंका त्या रोजच्या पाण्याचीच येते. आपली काळी माती भिजली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळू देत नाही. कुंडीत नुसती काळी भरली असेल तर वर भेगा दिसतात आणि आत चिखल असतो. आपण भेगा बघून तांब्या ओततो, खाली मुळं कुजत जातात. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. मी एक घमेलं काळी, एक घमेलं मुरूम आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळून कुंडी भरते.

पिवळेपणा कसा होता हेही आठवून बघा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होऊन गळत होती, तर पाणी जास्त झालं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर दुखणं वेगळं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. त्यावर मी लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (लोहाचा विरघळणारा क्षार) विरघळवून सांजच्याला पानांवर फवारते. आठ-दहा दिवसांनी परत एकदा. नवी पालवी हिरवी येते.

आता पाण्याचं. २०१६ चा उन्हाळा मी इथंच काढलाय. पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून १० वाघिणींची पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांचे डोळे भरून आले होते, माझेही. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मी झाडांना चांगल्या पाण्याचा एक तांब्याही दिला नाही. दोन गुलाब, जास्वंद आणि शेवंतीचा सगळा वाफा गेला. मोगरा वीतभर ठेवून छाटला, आळ्यात सोयाबीनचं भुसकट जाड पसरलं आणि चार दिवसांतून एकदा डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. कण्हेर आणि बोगनवेलीला तेही मिळालं नाही, तरी त्या जगल्या. पांढऱ्या चाफ्यानं पानं टाकून दिली आणि जाड फांद्यांतल्या ओलीवर तग धरला. पुढं पाऊस चांगला झाला, मांजरा धरण भरलं. त्याच्या कितीतरी आधी, मृगाच्या सरींनंतर, मोगऱ्याच्या त्या खुंटाला तांबूस फूट आली होती. मी पायरीवर बसून ती बघत राहिले. म्हणून या झाडांना कुणी चैन म्हटलं की मला लागतं.

आजही बावीस झाडं घरातल्या वापरलेल्या पाण्यावरच आहेत. भाज्या-डाळी धुतलेलं, आणि कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं. साबणाचं पहिलं पाणी मात्र झाडाला नको. त्यातल्या सोड्यानं काळी माती आणखी घट्ट होते. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार साठलेले असतात. ते मी फरशी पुसायला वापरते.

वांगी-टोमॅटो मीही लावते, पण पावसाळ्यात. मे महिन्यात त्यांना जवळजवळ रोज पाणी लागतं, आणि ते माझ्याजवळ नसतं.

आणि मोगऱ्याला तर तहान लागूच द्यावी लागते. अंबड-जालन्याकडचे मोसंबीवाले बहार धरण्याआधी बागेला ताण देतात, तुम्हाला ठाऊकच असेल. मी मार्गशीर्षाच्या शेवटी पाणी तोडते. पानं मलूल होतात, घरचे काळजी करतात, मी ऐकत नाही. माघात छाटणी, ओंजळभर शेणखत, मग पाणी. कळ्या नव्या फुटीवर येतात, चैत्रात ओच्यात मावत नाहीत. सासूबाई असेपर्यंत पहिली ओंजळ देवाला आणि दुसरी पिण्याच्या माठात जायची. बाहेर ४२ अंश असताना ते पाणी प्यालेलं माणूस फुलझाडांचा उपयोग काय असं विचारत नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुमची एक गोष्ट मात्र मी वहीत लिहून घेतली : अंगणात सावलीला एक कडुनिंब हवा. दक्षिणेच्या कोपऱ्यात जागा आहे, या पावसाळ्यात लावते.

आषाढात मी मोगऱ्याच्या दोन फांद्या वाकवून मातीत दाबून ठेवणार आहे. महालक्ष्म्यांच्या सुमारास त्या मुळं धरतील. लातूरला येणं झालं तर एक रोप तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असेल. कुंडी तेवढी मुरूम घालून आधी भरून ठेवा, आणि खाली भोक मोठं ठेवा.