प्रशासकाशी संपर्क साधा

‘या पत्त्यावर विश्वास नाही. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.’ काल रात्री पावणेबाराला मला हे ऐकवलं माझ्याच घरातल्या, माझ्याच विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपने. प्रशासक मीच. बनियनवर, टीव्हीच्या कपाटाखाली पालथा पडलेला.

फोटोंसाठीची फुकटची १५ जीबी जागा भरली, दरमहा पैसे भरणं जिवावर आलं, म्हणून जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, त्यावर नेक्स्टक्लाउड, म्हणजे फोटो आपल्याच घरी साठवायचं सॉफ्टवेअर. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, तर त्याला झाकणाकडे लक्ष देऊ नकोस असं फायलीत लिहून बजावलं. ते ज्या पीएचपी भाषेवर चालतं ती मुळात २ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही आणि माझ्या फोनचा एक फोटो ४ एमबीचा, तेही निस्तरलं. नोंदी ठेवणारा डेटाबेस मारियाडीबी. मायएसक्यूएल हा त्याच्या आधीचा डेटाबेस ज्याने उभा केला त्या माँटी विडेनियसने ते नाव थोरल्या मुलीवरून ठेवलं होतं, हे धाकटीवरून. माझी मुलगी एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, आजीला फोटो कधी दिसणार?’’

आजी सांगलीला. म्हणजे सर्व्हर बाहेरून दिसायला हवा, आणि तो दिसेना. राउटरमध्ये पाहिलं तर बाहेरचा पत्ता १००.६४ने सुरू होणारा, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या आतला; बाहेर अनेक घरांना मिळून एकच. हे वाड्यासारखं आहे. अख्ख्या वाड्याला रस्त्यावर एकच दार, आणि दारावर पाटी मालकाची. आतून बाहेर कुणीही जावं; बाहेरून आलेल्याला तुमची खोली सापडायची नाही. इंटरनेटवरच्या पत्त्याला आयपी म्हणतात; आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, जगाला ते पुरत नाहीत हे मला मान्य आहे. पण माझ्याच वाटणीचा कसा काय संपतो?

तक्रार नोंदवली. इंटरनेटवाल्यांचा दादा आला, वय असेल तेवीस.

‘‘काका, काय प्रॉब्लेम?’’

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. तरी गिळलं.

‘‘मला पब्लिक आयपी हवाय.’’

तो गंभीर झाला. आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. ‘‘काका, पब्लिक कशाला? पब्लिक म्हणजे कोणपण घुसणार. तुमचा प्रायव्हेट आहे, सेफ आहे.’’

‘‘मला कुणीतरी घुसायलाच हवंय. माझी आई.’’

‘‘मग त्यांना वायफायचा पासवर्ड द्या ना.’’

मी राउटरचं पान उघडून दाखवलं. त्याने मान तिरकी करून आकडा वाचला आणि चेहरा खुलला. ‘‘शंभरनी सुरू होतोय! चांगला नंबर आहे की. आमच्या साहेबांचा पण असाच आहे.’’

मग मी त्याला वाड्याचा दृष्टांत सांगितला. मन लावून ऐकलं त्याने, मान डोलावत. शेवटी म्हणाला, ‘‘काका, या लायनीत दोनशे कनेक्शन आहेत, सगळे एकाच दारातून जातात. कुणाची कंप्लेंट नाही. पिक्चर बघतात, झोपतात.’’ स्थिर आयपीसाठी वर्षाला पैसे भरावे लागतात, ते ऑफिसला विचारा, असं तो म्हणाला. ऑफिसने आदल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘‘एरियाच्या दादाला विचारा.’’ खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येणार होतं. साधा प्रश्न विचारावा तर या देशात तो चेंडूसारखा दोन खिडक्यांमध्ये उडत राहतो आणि मधे उभा राहून घामाघूम आपण व्हायचं.

काहीतरी करायला हवं म्हणून त्याने राउटरच बदलला. नव्याच्या अडॅप्टरला सॉकेट मोकळा नव्हता. ‘‘हा लॅपटॉप चालू राहिलाय बघा काका, उगाच बिल येतं,’’ म्हणत, मी ‘अरे’ म्हणेपर्यंत, त्याने प्लग उपटला. त्या लॅपटॉपची बॅटरी करोनाच्या आधीच मेली आहे. बारशाचे तीनशे फोटो तेव्हा अर्ध्या वाटेवर होते.

‘‘यात फोटो ठेवता होय?’’ तो कळवळला. ‘‘मी तर गूगलवरच टाकतो. १५ जीबी फ्री.’’

‘‘भरलं की?’’

‘‘नवा जीमेल काढायचा. माझे सहा आहेत.’’

दारातली बायको एवढं ऐकून आत गेली. ती अशी विचार करत आत गेली की मला धास्ती वाटते.

‘‘काका, ओटीपी आला असेल, सांगा. कंप्लेंट क्लोज करतो.’’

‘‘पण आयपी कुठे मिळाला?’’

‘‘नेट चालू आहे ना?’’

चालू होतं. मी ओटीपी दिला. का दिला, ते मला अजून कळलेलं नाही.

नव्या राउटरने लॅपटॉपला घरातला पत्ताही नवा दिला. विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत मीच स्वहस्ते जुना लिहून ठेवला होता, त्यामुळे रात्री मला दारातच हटकलं गेलं. यादी दुरुस्त करत होतो तेवढ्यात फोन वाजला. ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया पाचपैकी गुण द्या.’ पाठोपाठ सांगलीहून आई: ‘बारशाचे फोटो मिळाले. सूनबाईने नवीन जीमेलवरून पाठवले. छान आहेत.’