अर्धी हजामत

मानेवर वस्तरा टेकवलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय राजकारणावर मत विचारू नये. जिनिव्हा करारात हे कलम कसं राहून गेलं कोण जाणे. कारण त्या खुर्चीत दोन हुकूम एकाच तोंडातून सुटतात, 'हलू नकोस' आणि 'बोल, तुला काय वाटतं?'

तारीख २ मार्च २०२५, वार रविवार, ठिकाण ब्रुकलिनमधलं ब्रायटन बीच. आमची मराठी मंडळी बहुतेक न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. तिथे भाकरीच्या पिठापासून गुळाच्या ढेपेपर्यंत सगळं दाराशी मिळतं आणि केस कापताना 'थोडे छोटे' एवढं म्हटलं की भागतं. मी मात्र भाड्याचा हिशोब करत करत ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला येऊन पडलो. क्यू गाडीने एक स्टेशन पुढे गेलं की ब्रायटन बीच. सत्तरच्या दशकात युक्रेनमधल्या ओडेसाहून ज्यू कुटुंबं इथे येऊन वसली, म्हणून याला 'लिटल ओडेसा' म्हणतात. पाट्या रशियन, लोणची रशियन, म्हाताऱ्यांची भांडणंही रशियन. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून लोखंडी पुलावरची रेल्वे. दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते, तेवढा वेळ अख्ख्या रस्त्याला आपलं बोलणं तोंडात धरून ठेवावं लागतं. पुढे या गाडीने माझा कान वाचवला, त्याबद्दल नंतर.

शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, व्हाइट हाउसच्या ओव्हल ऑफिसमध्ये जे झालं ते सगळ्या जगाने पाहिलं होतं. आपल्याकडे त्याला बिनपाण्याची हजामत म्हणतात. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की अमेरिकेबरोबरच्या खनिज करारावर सही करायला आले होते. एका बाजूला ट्रम्प, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष व्हान्स, समोर कॅमेरे. तुमच्या हातात पत्तेच नाहीत, असं ट्रम्प म्हणाले. या बैठकीत एकदा तरी थँक्यू म्हणालात का, असं व्हान्सनी विचारलं. सही राहिली, जेवण राहिलं, पाहुणे गाडीत बसून निघून गेले. जाता जाता ट्रम्पनी 'हे टीव्हीवर फार छान दिसणार' असंही म्हणून घेतलं. त्या दिवशी झालेलं निर्विवाद खरं विधान बहुधा तेवढं एकच.

शनिवारी सकाळी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. खनिजं, नाटो, सुरक्षेची हमी यातलं तिला काही विचारायचं नव्हतं.

"खरंच का रे त्याला जेवू न घालता घालवलं?"

"पानं मांडली होती म्हणतात. पण हो, जेवण झालं नाही."

"पानावरून उठवलं म्हण की! अरे, आपल्याकडे सोयरीक मोडायची ठरली तरी पंगत उठल्यावर मोडतात. भांडायचं ते जेवण झाल्यावर भांडा ना. चांगलं अंगात बळ तरी येतं."

मागून आत्याच्या यजमानांचा आवाज आला. ते निवृत्त नायब तहसीलदार. त्यांची सहानुभूती संपूर्णपणे टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. "अर्जदार साहेबासमोर बसून उलट बोलतो? हाताची घडी घालून? आमच्या कचेरीत असता ना, तर त्याची फाइल आज ना उद्या सापडली असती, पण माझ्या निवृत्तीनंतर." वहिनीने मात्र तिथे बसलेल्या युक्रेनच्या राजदूत बाईंना तेवढं पाहिलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावून मान खाली घातलेली. "ती बाई म्हणजे मी," वहिनी म्हणाली, "दर दिवाळीला. तुझे बाबा आणि दादा जमिनीवर बोलायला लागले की."

म्हणजे युद्ध युक्रेनचं, भांडण वॉशिंग्टनमध्ये आणि जो तो आपापल्या घरचं उट्टं काढतोय. मला वाटलं, ही सातारकरांचीच खोड. रविवारी खुर्चीत बसेपर्यंत तसंच वाटत होतं.

दुकानात तीन खुर्च्या आणि दोन न्हावी. मालक ताश्कंदचा, बुखारी म्हणजे मध्य आशियातला ज्यू, साठीचा. त्याच्या गावात लालबहादूर शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे. १९६६ च्या जानेवारीत करारावर सही करून त्याच रात्री तिथे गेलेला लहान चणीचा सभ्य माणूस, एवढाच त्याचा भारत. आणि त्या भारताचा ब्रुकलिनमधला प्रतिनिधी मी. दुसरा न्हावी ओडेसाचा. बहीण अजून तिकडेच. निळ्या पाण्याच्या बरणीत कंगवे बुडवलेले असतात ना, त्या बरणीला टेकवून त्याचा फोन उभा असतो, आणि त्या फोनवर ओडेसाच्या हवाई हल्ल्याच्या भोंग्याचं ॲप.

आता गंमत अशी की नोव्हेंबरात दोघांनीही मत ट्रम्पनाच दिलेलं. म्हणजे हे मित्रपक्ष. एक दुकान, एक गल्ला, एक मत. शुक्रवारपर्यंत.

मी ओडेसावाल्याच्या खुर्चीत बसलो. डाव्या बाजूने मशीन फिरलं. भिंतीवरच्या टीव्हीवर रशियन बातम्या चालू होत्या. लंडनमध्ये युरोपचे नेते जमले होते, आदल्या दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांनी झेलेन्स्कींना दारातच मिठी मारली होती, तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. थोड्या वेळाने झेलेन्स्की राजे चार्ल्सना भेटतानाची दृश्यं आली. अंगात तोच काळा लष्करी वेष.

"बघ," ओडेसावाला इंग्रजीत मला उद्देशून म्हणाला, म्हणजे मालकाला ऐकू जावं म्हणून, "राजाला चालतं. राजाला! आणि ओव्हल ऑफिसातल्या त्या वार्ताहराला सूट पाहिजे."

मालक उजवीकडच्या खुर्चीतल्या खारकीवच्या आजोबांची दाढी करत होता. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घरी जाताना सूट घालावा."

"युद्ध संपलं की घालीन म्हणाला की तो!"

"कॉस्च्युम घालीन म्हणाला. नाटकात काम करायचा, अजून तेच डोक्यात."

यावर ओडेसावाल्याने मशीन बंद केलं. माझ्याकडे वळून, वर्गात समजावतात तसं त्याने समजावलं, की त्यांच्या भाषेत सुटाला 'कस्त्यूम'च म्हणतात. माणूस परक्या भाषेत, परक्या घरात, टीव्हीसमोर, तीन वर्षांचं युद्ध पाठीवर घेऊन बोलतोय, एखादा शब्द घरचा येतोच. मी अमेरिकेत आल्यावर पहिल्या महिन्यात बॉसला 'डोकं नका खाऊ'चं शब्दशः इंग्रजी ऐकवलं होतं, ते आठवून मी मान डोलावली. हे मान डोलावणं मालकाने आरशात पाहिलं.

"इंडिया काय म्हणतो?"

आली का पंचाईत. मत होतं, नाही असं नाही. बोलावलेल्या पाहुण्याला चारचौघांत उतरवायचं, तेही कॅमेरा लावून, हे मला मुळीच पटलं नव्हतं. पण एका कानाशी कात्री, दुसऱ्या कानाशी मालक आणि खिशात एच-१बी. सहाच दिवस आधी, २४ फेब्रुवारीला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या ठरावावर मतदान झालं होतं. बाजूने ९३, विरोधात १८, तटस्थ ६५. विरोधातल्या अठरांत रशियाच्या पंगतीला चक्क अमेरिका. तटस्थांत भारत. सरकारचं धोरण इतकं उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आम्ही तटस्थ," मी म्हणालो.

"तटस्थ!" दोघे एकदम ओरडले. शुक्रवारनंतर त्यांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा. "तुमचा मोदी जुलैत मॉस्कोत मिठी मारतो, ऑगस्टात कीवमध्ये मिठी मारतो! तेल कुठून घेता?" मी म्हणालो, तेलाचं माझ्या हातात नाही, मी शेंगदाण्याचं वापरतो.

मग गाडी 'थँक्यू'वर आली. मालकाचं म्हणणं, हा विषय साधा आहे, मदत घेतली की आभार मानावेत. हा मुद्दा तो जरा जास्तच जोराने मांडत होता. ओडेसावाल्याने एकदम कंगवा टेबलावर टाकला आणि रशियन सुरू झालं. मला त्यातला एक आकडा आणि 'खुर्ची' तेवढं कळलं. आजोबांनी साबणाच्या फेसातून भाषांतर केलं. मालकाने एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये याला दुकानात खुर्ची दिली. तेव्हापासून हा एकदाही थँक्यू म्हणाला नाही, असं मालकाचं म्हणणं. आणि सत्तावीस वर्षं निम्मा गल्ला देतोय तो काय फुकट, असं याचं.

खरं सांगायचं तर 'आभार' या बाबतीत आपण मराठी माणसंही कमी गोंधळलेली नाही. घरात आईला थँक्यू म्हटलं तर 'परकं झालास का?' म्हणते. आणि गावात वाचनालयाचा वर्धापनदिन असला की आभारप्रदर्शक माइक धरून अर्धा तास मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, चहापान, 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' असे सगळे उरकल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. झेलेन्स्कींना ओव्हल ऑफिसात असा एक आभारप्रदर्शक बरोबर नेता आला असता तर दृश्य वेगळं दिसलं असतं. बाहेर पडल्यावर त्यांनी ते केलंही. एकाच छोट्या संदेशात अमेरिकेला चारदा धन्यवाद. मग युरोपातल्या ज्या ज्या नेत्याने पाठिंबा दिला त्या प्रत्येकाला तेच एक ठरावीक वाक्य, पाठिंब्याबद्दल धन्यवाद. एकामागून एक. आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांना ती यादी फार आवडली असती.

इकडे माझी डावी बाजू झाली होती. उजवी कानापर्यंत जंगल. ओडेसावाल्याने वस्तरा उचलला, डावा कल्ला सरळ करायला, आणि त्याच वेळी मालक म्हणाला, "काही म्हण, त्याच्या हातात पत्ते नाहीत." वस्तरा हवेत थरथरला. मी डोळे मिटले. आणि वरून क्यू गाडी आली. आरसा हलला, बरणीतलं निळं पाणी हललं, तिघंही तोंडं उघडी ठेवून गप्प. गाडी जाईपर्यंत वस्तरा खाली आला होता.

त्या शांततेत आजोबा बोलले. ते रोज बोर्डवॉकवर दुराक खेळतात. दुराक म्हणजे मूर्ख. पत्त्यांचा खेळ, त्यात जिंकणारा असा कोणी नसतोच, फक्त एक हरणारा.

"आमच्या खेळात," आजोबा म्हणाले, "हातातले पत्ते संपले तो सुटला. शेवटी ज्याच्या हातात पत्ते राहतात तो दुराक."

दुकानात कोणी हसलं नाही. मी मात्र हसलो, आणि 'तटस्थ' राष्ट्राने हसावं हे मालकाला आवडलं नाही.

तेवढ्यात तो फोन वाजला. ॲपचा भोंगा. चढत उतरत जाणारा, अगदी सिनेमातल्यासारखा, फक्त फोनच्या स्पीकरमधून बारीक होऊन आलेला. मालकाने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. ओडेसावाल्याने बहिणीला लावला. तिकडे संध्याकाळ होऊन गेलेली. बहीण घराच्या मधल्या बोळात बसली होती, खिडक्यांपासून दूर. हा काहीतरी विचारत राहिला, ट्रम्पचं नाव दोनदा आलं, तिकडून एकच लांब वाक्य आलं आणि फोन बंद.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, वीज आहे तोवर कपडे धुऊन घेते. राजकारण नंतर."

तो फोन घेऊन मागच्या दाराने सिगारेट ओढायला गेला. बराच वेळ आला नाही. मी खांद्यावर चादर, डावीकडून फौजदार आणि उजवीकडून कीर्तनकार, असा आरशात स्वतःकडे बघत बसलो. शेवटी मालकाने आजोबांना मोकळं केलं, न बोलता माझ्यामागे आला आणि उजवी बाजू हातात घेतली. त्याची पद्धत वेगळी. ओडेसावाला मशीनचा माणूस, ताश्कंदवाला कात्रीचा. त्याने डाव्या बाजूकडे पाहून जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि आपल्या मनाप्रमाणे कापलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी उत्तमच होत्या, फक्त एका डोक्यावर नको होत्या.

उठलो तेव्हा मागच्या पडद्याआड दोघे एकाच कागदावर साम्सा ठेवून बसले होते. साम्सा म्हणजे आपल्या समोशाचा ताश्कंदी भाऊ, तंदुरात भाजलेला, आत मटण. बोलत नव्हते. मालकाने आपल्यातला मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला, त्याने खाल्ला. थँक्यू म्हणाला नाही. मलाही एक मिळाला. मी थँक्यू म्हणालो तर दोघांनी 'हा कोण परका' अशा नजरेने पाहिलं. बक्षिसी कोणाला द्यावी हा प्रश्न होता. मी ती गल्ल्यावर मधोमध ठेवली आणि पळालो.

सोमवारी अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत थांबवली. ११ मार्चला जेद्दाहची बैठक झाली आणि ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे माझ्या दोन बाजू एकसारख्या वाढायच्या आत त्यांचं मिटलंसुद्धा. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "कोणी कापले रे?" मी म्हणालो, दोघांनी. "मग टोपी घाल," ती म्हणाली.

ऑगस्टात पुन्हा गेलो. १८ तारखेला झेलेन्स्की परत व्हाइट हाउसला जाऊन आले होते, त्या आठवड्यात. या वेळी काळा कोट, जवळजवळ सूटच. फेब्रुवारीत ज्याने सुटावरून विचारलं होतं, त्याच वार्ताहराने कपड्यांची तारीफ केली. झेलेन्स्की त्याला म्हणाले, तुम्ही मात्र त्याच सुटात आहात. टीव्हीवर ते चालू झालं तसे दोन्ही न्हावी हातातलं काम सोडून बघू लागले. मालकाने 'कस्त्यूम' एवढंच म्हटलं, ओडेसावाल्याने मान हलवली.

मग त्याने माझ्या गळ्याभोवती चादर बांधली आणि विचारलं, "कसे कापू?"

"कसेही काप," मी म्हणालो, "पण दोन्ही बाजू तूच."