दमेकऱ्यांना भर दुपारी गच्चीवर बसवणारा मेसेज

‘दुपारी बारा ते तीन गच्चीवर बसून दीर्घ श्वास घ्या. ऊन हवेतला धूर जाळून टाकतं, त्यातून ओझोन तयार होतो आणि तो फुफ्फुसं धुऊन काढतो. पंप लागणार नाही.’ हा मेसेज बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. दांडिया बाजारातल्या माझ्या आत्याने तो वाचून दम्याचा पंप कपाटात ठेवून दिला, म्हणून आता गप्प बसवत नाही.

फुफ्फुसं धुणारा म्हणे ओझोन! उंच आकाशातला ओझोन अतिनील किरण अडवतो, तो तिथेच बरा. श्वासातून आत गेला की तोच वायू श्वासनलिकेचं अस्तर सुजवतो, दमा उफाळून येतो. आपल्या देशाच्या 2009 सालच्या हवेच्या मानकांत ओझोन प्रदूषक म्हणूनच आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, ही मर्यादा. लिहिणाऱ्याने ती यादी तरी उघडून बघायची.

आणि ऊन धूर जाळत नाही. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमधून ते ऑक्सिजनचा एक अणू तोडतं, तो हवेतल्या ऑक्सिजनला जोडला जाऊन ओझोन बनतो. सोबत पेट्रोलची, सॉल्व्हंटची वाफ असली की तो साठतच जातो. दुपारी सर्वांत जास्त. मेसेज नेमकी तीच वेळ सांगतो.

मेसेजच्या खाली पुस्ती आहे की उन्हात हवा बिघडते असं दाखवणारे ते सगळे ‘बंद खोलीतल्या दिव्याखालचे प्रयोग’, उघड्या हवेला लागू नाहीत. साफ खोटं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ युफोर नावाचे टेफ्लॉनचे दोन पारदर्शक घुमट आहेत, प्रत्येकी साधारण 200 घनमीटरचे. वायू मोजून आत सोडतात, वरचं पोलादी झाकण उघडतात आणि खऱ्या उन्हात काय घडतं ते मिनिटामिनिटाला मोजतात. भिंतींना काही पदार्थ चिकटतात हे खरं, पण तेही हिशेबात धरतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तर अशा कोठीतली हवा थेट माणसाच्या फुफ्फुसातल्या पेशींवर सोडली. 2004 साली त्यांनी दाखवलं की ब्युटाडाइन (गाड्यांच्या धुरात असतो) आणि आयसोप्रीन (झाडांतून निघतो) हे वायू मूळ रूपात होते त्यापेक्षा, प्रकाशात त्यांची रासायनिक क्रिया झाल्यावर पेशींना जास्त इजा करतात, सूज आणणारे संकेतही वाढतात. उन्हाने हवा ‘शुद्ध’ झाली असती तर उलट दिसायला हवं होतं.

तुळस, पिंपळ ओझोन सोडतात असंही मेसेजमध्ये आहे, तेही खोटं. कुठलंच झाड सोडत नाही.

एक मात्र मान्य: थंडीत सकाळपेक्षा दुपारी धूर-धुळीचे कण बरेचदा कमी असतात. पण ते जळून नव्हे, जमीन तापून हवा वर चढते आणि कण विरळ होतात म्हणून.

आत्या, पंप कपाटातून काढ. तो कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर ‘हा चुकीचा आहे, पंप बंद करू नका’ एवढं आजच लिहावं.