‘आले लावा, सांप्ल विसरा’: फ्रेंच भविष्यकाळाबद्दलचा एक सल्ला, मुद्द्यामुद्द्याने

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा असतो: ‘फ्युत्युर सांप्ल, म्हणजे साधा भविष्यकाळ, आता पुस्तकातच उरलाय. बोलताना ‘आले’ (जाणे) या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप घ्या, पुढे मूळ क्रियापद ठेवा (हा फ्युत्युर प्रोश), काम झालं. सांप्ल लागलाच तर मूळ क्रियापदाला सहा प्रत्यय चिकटवा आणि पाच-सहा अपवाद पाठ करा. प्रोश जवळच्या घटनेसाठी, सांप्ल लांबच्या. आणि जर-जेव्हा आलं की इंग्रजीप्रमाणे सरळ वर्तमानकाळ.’

शेवटच्या वाक्यात सल्ल्याचा उगम दिसतोच. हा सल्ला इंग्रजीतून विचार करणाऱ्यासाठी लिहिलाय. मराठी माणसाने तो उचलला तर घरात असलेली गोष्ट तो बाहेरून उसनी आणतो, तीही मोडकी.

‘बोलण्यात सांप्ल संपला’ हे आधी घेऊ. प्रोश भरपूर ऐकू येतो यात वाद नाही. पण पॅरिसच्या दुकानात बिल सांगताना ‘सा फरा दूझ युरो’ (बारा युरो होतील) म्हणतात, तो सांप्लच. ‘ओं व्हेरा’ (बघू या पुढे) आणि ‘झ त दिरे’ (सांगेन तुला) ही रोजची वाक्यं आहेत. नम्रपणे थांबायला सांगताना ‘झ व्हू दमांदरे द पास्यांते’ म्हणतात. इथे भविष्यकाळ वेळ दाखवत नाही, आवाज मऊ करतो. चरित्र सांगताना भूतकाळातल्या घटनेलाही सांप्ल लागतो: नेपोलियन 1821 साली सेंट हेलेना बेटावर ‘मुरा’, म्हणजे मरेल. 1804 च्या फ्रेंच नागरी संहितेचं आठवं कलम प्रत्येक फ्रेंच माणूस नागरी हक्क ‘झुईरा’, उपभोगील, असंच म्हणतं. कॅनडात क्वेबेकच्या बोलण्यात सांप्ल खरोखरच मागे पडलाय, पण वाक्य नकारार्थी झालं की तिथेही तोच परत येतो. दारावरची बेल वाजल्यावर ‘स सरा ल फाक्तर’ (पोस्टमन असेल) हा अंदाजाचा वापर आता थोडा जुन्या वळणाचा वाटतो. आपल्याला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही.

आता जवळ-लांबचा नियम. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. ‘झ सरे ला दां सँक मिन्युत’, पाच मिनिटांत पोचतो: घटना पाच मिनिटांवर, तरी सांप्ल. सूर्य पाच अब्ज वर्षांनी विझणार हे सांगताना ‘ल सोलेय व्हा मुरीर’ बिनदिक्कत चालतं: घटना कल्पनेपलीकडे लांब, तरी प्रोश. म्हणजे फरक अंतराचा नाही. घटनेचं मूळ आत्ता दिसतंय का, ठरून गेलंय का, हा प्रश्न आहे. एक जोडी बघा:

एल व्हा आव्हुआर अं बेबे.
एल ओरा अं बेबे.

पहिलं वाक्य: तिला बाळ होणार आहे. दिवस गेलेत, बातमी पक्की. दुसरं: तिला बाळ होईल, कधीतरी, लग्न झाल्यावर किंवा ज्योतिषी म्हणतोय म्हणून. मराठीतला ‘होणार आहे’ आणि ‘होईल’ यांतला फरक जवळजवळ तसाच फ्रेंचमध्ये आहे. ‘मी उद्या जाणार आहे’ म्हणजे तिकीट काढलंय. ‘जाईन उद्या’ म्हणजे बघू, जमलं तर. वाक्य मनात आधी मराठीत म्हणून पाहा. ‘-णार’ आलं तर ‘आले’कडे वळा, ‘-ईन, -शील, -ईल’ आलं तर सांप्लकडे. बहुतेक वेळा निशाणा लागतो.

चुकतो तो इशाऱ्याच्या वाक्यात. मूल कठड्यावर चढलं की आपण ‘अरे, पडशील!’ ओरडतो, ‘पडणार आहेस’ नाही. हेच फ्रेंचमध्ये जसंच्या तसं नेऊन ‘त्यू तोंबरा’ म्हटलं तर भविष्यवाणी केल्यासारखं वाटतं. पाय घसरतोय हे डोळ्यांसमोर आहे, म्हणून तिथे ‘त्यू व्हा तोंबे!’ हवं.

‘मूळ क्रियापदाला प्रत्यय चिकटवा.’ प्रत्ययांपुरतं बरोबर. ते ‘आव्हुआर’ (जवळ असणे) या क्रियापदाच्या वर्तमानकाळातूनच आलेत: बोली लॅटिनमधलं ‘कांतारे हाबेओ’ आकसत ‘शांतरे’ झालं, आणि नू-व्हूच्या (आम्ही-तुम्ही) रूपांतला ‘आव्ह’ गळून पडला. लिहिताना सहा, कानाला तीनच: ए, आ, ओं. ‘नू पार्लरों’ (आम्ही बोलू) आणि ‘ईल पार्लरों’ (ते बोलतील) ऐकून वेगळे ओळखता येत नाहीत.

गडबड चिकटवण्यात आहे. ‘पार्ले’ला ‘रे’ जोडून लोक ‘पार्लेरे’ म्हणतात. बरोबर उच्चार ‘पार्लरे’. मधला ‘ए’ उच्चारात दबतो. लिहिताना उलटी चूक होते. ‘झुए’ (खेळणे) आणि ‘एत्यूदिए’ (अभ्यास करणे) यांची रूपं ‘झूरे’, ‘एत्यूदीरे’ अशी ऐकू येतात, म्हणून ‘आर’च्या आधीचा ‘ई’ हे अक्षर गाळलं जातं आणि डिक्टेशनमध्ये गुण जातात. ‘आश्ते’ (विकत घेणे), ‘आप्ले’ (बोलावणे), ‘आंप्लुआये’ (वापरणे) यांच्या मधल्या अक्षरांचं काय करायचं हे तर सल्ल्यात नाहीच.

मूळ रूप ‘ई-आर’ अक्षरांनी संपत असेल तर ते बाजूला ठेवा. वर्तमानकाळातलं ‘झ’चं (मी) रूप घ्या आणि त्याला ‘आर’पासून पुढचं जोडा. झ झू, झूरे. झेत्यूदी, झेत्यूदीरे. झाशेत, झाशेतरे: आक्सां ग्राव्ह (अक्षरावरची तिरकी खूण) आपोआप आला. झापेल, झापेलरे: दोन ‘एल’ आपोआप आले. झांप्लुआ, झांप्लुआरे: ‘वाय’चा ‘आय’ झाला. ‘पेये’ची (पैसे देणे) दोन्ही रूपं चालतात, ‘वाय’सकट आणि ‘आय’सकट. ‘प्रेफेरे’ला ही युक्ती लावली की 1990 च्या लेखनसुधारणेतलं रूप मिळतं, जुनं लेखनही चूक नाही. युक्तीला न जुमानणारी क्रियापदं दोनच, ‘आले’ आणि ‘आंव्हुआये’ (पाठवणे).

‘-ईर’ (अक्षरं ‘आय-आर’) गटात मूळ रूपाला थेट प्रत्यय. ‘पार्तीर’, ‘दोर्मीर’, ‘सोर्तीर’ वर्तमानकाळात छळतात, इथे मात्र शहाण्यासारखी वागतात. ‘प्रांद्र’, ‘लीर’, ‘एक्रीर’सारख्यांचा शेवटचा मुका ‘ई’ काढायचा आणि मग प्रत्यय.

अपवाद पाच-सहा नाहीत, पण मोजत बसण्यापेक्षा त्यांची घराणी लक्षात ठेवावीत. एत्र, आव्हुआर, आले, फेर, साव्हुआर ही एकेकटी: सर-, ओर-, ईर-, फर-, सोर-. व्हनीर आणि तनीर यांच्या पोटात ‘द’ शिरतो: व्हिएंद्र-, तिएंद्र-. व्हुलुआर, व्हालुआर, फालुआर यांच्यातही: व्हुद्र-, व्होद्र-, फोद्रा. दव्हुआर, रसव्हुआर, प्लव्हुआर यांच्यातला ‘उआ’ गळतो: दव्र-, रसव्र-, प्लव्रा. दोन ‘आर’वाल्यांत व्हुआर, आंव्हुआये, पुव्हुआर, कुरीर, मुरीर येतात. त्यांतही पहिल्या तिघांत ‘र’ एकच ऐकू येतो. कुरीर-मुरीरमध्ये मात्र तो ठासून म्हणावा लागतो. जोडक्रियापदं सहसा घराण्याप्रमाणे चालतात, म्हणून ‘दव्हनीर’चं ‘दव्हिएंद्रे’. पण ‘प्रेव्हुआर’ (आधीच ओळखणे) फसवतं: त्याचं रूप ‘प्रेव्हुआरे’, ‘प्रेव्हेरे’ नव्हे. लिहिलेलं तपासायचं तर प्रत्ययाच्या लगेच आधी ‘आर’ आहे का बघा. नसेल तर रूप नक्की चुकलंय.

‘जर-जेव्हा आलं की वर्तमानकाळ.’ यातलं ‘जर’ बरोबर, ‘जेव्हा’ चूक. ‘तू येशील तेव्हा बोलू’ यात आपण भविष्यकाळच वापरतो आणि फ्रेंचही: ‘कां त्यू व्हिएंद्रा’. लोर्स्क, दे क (होताच), तां क (जोवर) यांनाही हेच. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ येतो म्हणून मुलं ‘कां त्यू व्हियँ’ लिहितात, आणि मायबोलीने दिलेला फायदा घालवतात. ‘सी’ (जर) नंतर मात्र भविष्यकाळ नाही: ‘सी त्यू व्हियँ, ओं निरा’, तू आलास तर जाऊ. ‘तू आलास तर’मध्येही भविष्यकाळ नाही, हे ध्यानात ठेवलं की पुरतं. ‘तू येशील तर बरं होईल’ असं मनात आलं तर आधी ते बदलून घ्या. आणखी एक ‘सी’ आहे, ‘की नाही’ अर्थाचा. ‘तो येईल की नाही माहीत नाही’ यात दोन्ही भाषांत भविष्यकाळ: ‘सील व्हिएंद्रा’. ‘झेस्पेर क’ (आशा आहे की) नंतरही सांप्ल, पण ‘इल फो क’ (पाहिजे) किंवा ‘आव्हां क’ (होण्याआधी) आलं की सब्जोंक्तिफ, म्हणजे गरज, इच्छा, शंका दाखवणारी क्रियारूपं, आणि त्याला भविष्यकाळच नसतो.

सांप्ल टाळण्याची खरी किंमत पुढे मोजावी लागते. फ्रेंच संकेतार्थ, म्हणजे कोंदिस्योनेल, त्याच अंगावर (प्रत्ययाआधीच्या भागावर) उभा आहे: भविष्यकाळाचं अंग अधिक अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय. पहिल्या आठवड्यात शिकवलं जाणारं ‘झ व्हुद्रे’ (मला हवं होतं) हे ‘व्हुद्र-’वरच बेतलेलं आहे. सांप्ल सोडला की हेही पाठांतरावरच राहतं, आणि मग लिहिताना शेवटचा ‘एस’ लावायचा की नाही ते कळत नाही, कारण बरेच फ्रेंच लोक ‘झ पुरे’ची भविष्यकाळी आणि संकेतार्थी अशी दोन्ही रूपं बोलताना सारखीच म्हणतात. अशा वेळी ‘झ’च्या जागी ‘नू’ घालून पाहावं. ‘नू पुरों’ बसलं तर ‘एस’ नाही, ‘नू पुर्यों’ बसलं तर आहे.